दोन दिवस गोळी बंद

डबीवरचे वार गुजरातीत आहेत.
शनिवारच्या खिडकीचं झाकण तुटलंय,
तिथं मी चिकटपट्टी लावते.
दर रविवारी रात्री अच्युतदादाच्या गोळ्या भरायच्या,
चौदा वर्षं.

फोनवरची मुलगी म्हणाली,
काकी, शुक्रवारे स्कॅन छे, रंगाचं इंजेक्शन आहे.
मोठी पांढरी बुधवारपासून बंद.
रंगानं किडनी मंदावली तर ती गोळी अंगात साचते.
सकाळी उपाशी, म्हणून गुलाबी पण नको, साखर उतरेल.
बीपीची घोटभर पाण्याबरोबर.
अर्धं मराठी, अर्धं गुजराती,
दांडिया बाजारात आम्ही सगळेच तसे बोलतो.
मी गॅसच्या बिलामागं लिहून घेतलं
आणि 'बंद'खाली दोन रेघा ओढल्या.

हा शब्द आमच्या घरात जपून वापरतात.
आईनं गोळी बंद केली होती.
डभोईहून कुणी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली,
सहा महिने खूश होती बाई.
मग डाव्या पायाचा अंगठा,
मग पाऊल,
मग दादा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात
तिच्या चपला धरून उभा.
दोन्ही चपला.

बुधवारी पांढऱ्या काढून एका कपात ठेवल्या.
डबी उचलली तर बीपीची एकटी गोळी
आत खुळखुळली.
दादा म्हणाला, वाजवू नकोस ती.

शुक्रवारी साडेपाचला मशीनवर एकशे बेचाळीस.
पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा, जुने रिपोर्ट, मफलर.
रिक्षातून सुरसागर दिसलं,
पाण्यात अजून रस्त्याचे दिवे होते.
जेतलपूर रोडच्या सेंटरात
हितेशभाई फॉर्मवर खुणा करत विचारत होता,
गोळी बे दिवसथी बंद छे ने?
हो, मी म्हणाले.
नाही, दादा म्हणाला.

माझ्याकडे नाही, स्विचबोर्डाकडे बघत:
परवा घेतली. काल पण. कपातल्या.

डबी मोजली होती मी, रोज.
कप मोजला नव्हता.

का रे, एवढंच विचारलं,
बाजूला एक बाई पोराला धरून बसली होती, तिच्यासमोर काय बोलणार.
तो म्हणाला, नाही घेतली की
रात्री पाय गार पडल्यासारखा वाटतो.
कुठला, ते मी विचारलं नाही.

आतून डॉक्टर आल्या, झंखनाबेन, माझ्या भाचीएवढ्या.
क्रिएटिनिनचा आकडा पाहिला, एक पॉइंट एक,
पाठीमागचे दोन रिपोर्टही पाहिले.
काका, किडनी सारी छे, करू आपण.
पण बोललात ते बरं केलंत.
आता इथून पुढं दोन दिवस खरंच बंद.
रविवारी रक्त द्या,
तुमचे डॉक्टर हो म्हणाले की सुरू.

दारावरचा लाल दिवा लागला.
मी गॅसचं बिल वाचत बसले.
पुढच्या बाजूला युनिट, रक्कम, मुदत.

बाहेर आला तो हसत.
काय सांगू, अंगातून ऊन ऊन काहीतरी सरकलं,
तोंडात पाच रुपयांच्या नाण्याची चव,
आणि वाटलं, पँट ओली झाली!
हात लावून बघितली, कोरडी.
आठवड्यात पहिल्यांदा हसला.
स्वादुपिंडाजवळची ती सावली काय आहे
ते सोमवारी कळणार, हे तेव्हा
दोघंही विसरलो होतो, रिक्षा मिळेपर्यंत.

घरी आल्यावर कप त्यानंच माझ्या हातात दिला.
ठेव कुठंतरी. मला सांगू नको.
तांदळाच्या डब्यात पार खाली खुपसला मी.

रात्री दोनला स्वयंपाकघरात पाऊल वाजलं.
माठातून पाणी काढलं त्यानं.
मग डबी हलवली, एकदाच,
खुळखुळ.
मी उठले नाही.
डबी जागेवर ठेवल्याचा आवाज आला, पलंगाची कुरकुर,
मग बराच वेळ दोघंही
एकमेकांना झोप लागली असेल असं समजून पडून राहिलो.
अजून एक रात्र होती.